अकरा घरं आणि एक भिंत

"माझ्या दगडाला रंग लावायचा न्हाई, बाई."

मी कुंचला गेरूच्या डब्यात बुडवला होता, तो तसाच हातात राहिला. फाटकाच्या दगडी खांबापलीकडे आप्पासो इंगळे उभे होते. पांढरं धोतर, अंगात बंडी, कानांवर केस आणि हातात झाडांना पाणी घालायची झारी. वय सत्तरीच्या अलीकडे. आवाज मात्र असा, की चिकूच्या झाडावरची साळुंकी उडून गेली.

"आप्पा, मी जनगणनेची बाई आहे," मी म्हटलं. "घरावर नंबर टाकायचा असतो. तुमचा एकशे एकोणीस."

"मला नंबर कशाला? हा सगळा मळा माझा. बाकीच्यांना नंबर द्या."

"बाकीच्यांना दिले. तुम्ही शेवटचे."

ते २०१० सालचं मे महिन्याचं ऊन होतं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, नाव त्रिशला मगदूम. आता निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तेव्हा चाळिशी नुकतीच गाठली होती. आवाज इतका बारीक, की चौथीच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरं "बाई, ऐकू येईना" म्हणून मुद्दाम ओरडायची. मला इंगळे मळा मिळाला म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं होतं.

इंगळे मळा म्हणजे सांगली सोडून कुपवाडकडे जाताना आत लागणारी वस्ती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथं खरोखर मळा होता, ऊस आणि हळद. शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं, तसा आप्पासोंनी मळा गुंठ्या-गुंठ्यानं विकला. कुणी एक गुंठा घेतला, कुणी अर्धा. नकाशा नाही, आखणी नाही. पूर्वीच्या सऱ्यांमधून जो बांध गेला होता, तीच गल्ली झाली. आणि बांध जिथं संपायचा, तिथं गल्लीही संपायची. अशा सात गल्ल्या. तोंडाशी दहा फूट, मध्ये सात, कुठं कुणी ओटा पुढे काढलाय, कुठं जिन्याची लोखंडी पायरी बाहेर आलीय, डोक्यावर विजेच्या तारा इतक्या खाली, की मी छत्री उघडायची बंद केली.

घरांची यादी करायची म्हणजे आधी नजरी नकाशा काढायचा. नजरी म्हणजे मोजमाप न करता, पायी फिरून, डोळ्यांनी पाहून. मी वहीच्या मोठ्या कागदावर पेन्सिलीनं गल्ल्या काढल्या, घरांचे चौकोन काढले, देऊळ, मशीद, बोअरची टाकी दाखवली. दोन आठवडे उन्हात फिरून मला तिथली कुत्रीसुद्धा ओळखायला लागली होती.

आप्पासोंनी हात पुढे केला. "बघू तुमचा कागद."

मी दाखवला. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि बोट बरोबर माझ्या एका रेघेवर ठेवलं.

"ही तुटक तुटक रेघ कसली?"

"ती जुनी गाडीवाट. तुमच्या फाटकातून निघून चिकूच्या बागेतून पलीकडे सातव्या गल्लीला मिळायची ना? नदाफांच्या शमाबींनी सांगितलं."

"मिळायची. आता भिंत हाय तिथं."

"म्हणून तर तुटक काढलीय."

"तुटक बी नको." त्यांचा आवाज खाली आला, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. "बाई, सरकारी कागदावर एकदा वाट दिसली, की उद्या लोक म्हनतील सरकारी रस्ता हाय. मग त्यांचा कचरा माझ्या बागेत, त्यांची पोरं माझ्या झाडावर. बारा वर्सांपूर्वी स्वतःच्या हातानं भिंत बांधली मी, नऊ फूट. खोडून टाका ती रेघ."

मी खोडरबर काढला. खरं सांगते, काढला. पण का कोण जाणे, तो कागदावर टेकवावासा वाटेना.

"घरी जाऊन खोडते, आप्पा," मी पुटपुटले आणि त्यांचं लक्ष झारीकडे गेल्यावर फाटकाच्या खांबावर पटकन ११९ लिहून निघाले. मागून ओरडा आलाच.

त्या फाटकाला पोचायचं म्हणजे मळ्यातून सरळ वाट नव्हती. पहिल्या गल्लीनं बाहेर यायचं, मोठ्या रस्त्यानं बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीपर्यंत जायचं, तिथून ओढ्याच्या कडेनं मागे वळायचं. सगळी मिळून दीड किलोमीटरची पायपीट. भिंतीच्या अलीकडच्या घरातून मात्र आप्पासोंच्या बागेतल्या मोटारीचा आवाज ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाचव्या गल्लीत राहिलेली घरं पूर्ण करत होते. "घराचं छत कशाचं? पत्र्याचं. स्वयंपाकाला काय? गॅस." असं चाललेलं असताना घरातली बाई एकदम माझ्या डोक्यावरून वर बघायला लागली. मी वळले. दोन गल्ल्या पलीकडून काळा धूर वर चढत होता.

सातव्या गल्लीच्या तोंडाशी मी पोचले तेव्हा तिथं शंभर माणसं होती आणि शंभर जणांचं शंभर प्रकारचं ओरडणं. शमाबी नदाफ डोक्यावरचा पदर विसरून उभ्या होत्या, एका हातानं सासूला धरून. त्यांचा गाद्या-रजयांचा कारखाना होता, घराच्याच खालच्या खोलीत. घर नंबर एकशे सात. दोन दिवसांपूर्वी मी तिथं कापसाच्या ढिगाशेजारी बसून चहा घेतला होता.

"बाई, तारेला तार लागली वाऱ्यानं," त्या म्हणाल्या. "वरनं ठिणगी पडली ती थेट कापसात. आम्ही दोघी निघालो. कापूस जाऊ दे, पर..."

आगीचा बंब आला. खरं तर दोन आले. पहिला गल्लीच्या तोंडाशी थांबला, कारण आत शिरणं शक्यच नव्हतं. जवानांनी उड्या टाकल्या, पाइप जोडत आत धावले. त्यांचे साहेब माणसांना मागे सारत होते.

"घरातली सगळी बाहेर आली का?" त्यांनी शमाबींना विचारलं.

"आली, साहेब."

"मग झालं. मागे सरा सगळे."

झालं? मी माझ्या कागदाकडे बघितलं. चौकोन एकशे सात. त्याच्या पुढे एकशे आठ, एकशे नऊ, दहा, अकरा... एकशे अठरा. आणि मग जाड रेघ. आप्पासोंची भिंत. नदाफांच्या दारातल्या ज्वाळा समोरच्या ओट्यापर्यंत पोचल्या होत्या. गल्ली तिथं सात फुटांची.

"साहेब," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"साहेब!"

पुन्हा तेच. तेव्हा मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. पुढे बरीच वर्षं शमाबी त्या ओरडण्याची नक्कल करून दाखवायच्या.

"साहेब, आगीच्या पलीकडे अकरा घरं आहेत! त्यातली माणसं बाहेर आलेली नाहीत. गल्ली पुढे बंद आहे. भिंत आहे तिथं!"

साहेब वळले. "किती माणसं?"

"यादीत सत्तेचाळीस. दुपारची म्हणून कामावर गेलेली सोडली, तरी पंचवीस-तीस असतील."

"मागून वाट आहे?"

"आहे," मी म्हणाले. "म्हणजे, होती."

त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, एकदा पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या बंबाकडे हात केला. "होवाळे, ह्या बाईंना घे. त्या सांगतील तिकडे ने."

लक्ष्मण होवाळे म्हणजे पन्नाशीचा, जाड मिशांचा चालक. बंबाच्या त्या उंच पायरीवर मी साडी सावरत कशी चढले, देव जाणे. आत बसल्या बसल्या तो म्हणाला, "बाई, घट्ट धरा, आणि वळण यायच्या आधी सांगा. वळण गेल्यावर नको. आमच्या घरी तसंच सांगतात."

त्याही परिस्थितीत मला हसू आलं. मग मी सांगत गेले. पहिली गल्ली सोडा, सरळ. गिरणीपासून डावीकडे. इथं तार खाली आहे, उजवी बाजू धरा. पुढं ओढ्यावरची मोरी, ती मजबूत आहे, उसाच्या गाड्या जायच्या तिच्यावरून. दोन आठवडे मी ज्या उन्हाला शिव्या देत फिरले होते, ते सगळं फिरणं माझ्या तोंडून बाहेर पडत होतं.

फाटकाशी आलो. आप्पासो फाटकाच्या मधोमध उभे. धूर त्यांनाही दिसत होता. होवाळेनं भोंगा वाजवला. आप्पासोंनी हात वर केला.

"थांबा!"

मी खिडकीतून बाहेर वाकले. "आप्पा, भिंतीपलीकडे माणसं अडकलीत! आम्हाला आत येऊ द्या. पाया पडते तुमच्या."

"मला ऐकू येतंय की, बाई. कधीची बोंबलत्यात ती." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "थांबा म्हनलं ते फाटकाचं दुसरं पान उघडतोय म्हनून. एका पानातनं मावनार न्हाई तुमची गाडी."

त्यांनी दुसरं पान उघडलं, ते बंबाच्या पायरीवर चढले आणि दाराला लोंबकळत बंबाबरोबर आत आले. चिकूच्या दोन झाडांमधून, गवत चढलेल्या त्या गाडीवाटेवरून. दोन फांद्या तुटल्या. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

भिंतीपाशी पोचलो तर पलीकडून रडणं, खोकणं आणि भिंतीवर आपटल्याचे आवाज. भिंतीवरून एक हात दिसायचा आणि खाली जायचा. कुणी तरी कुणाच्या तरी खांद्यावर चढत होतं. जवानांनी शिडी लावली, वरून पहिलं पोर उचललं. पण असं एकेक करून किती वेळ लागणार? धूर भिंतीवरून आता आमच्या अंगावर यायला लागला होता.

"भिंत पाडायला लागेल," होवाळे म्हणाला. "दगडी आहे. वेळ जाणार."

सगळ्यांनी आप्पासोंकडे बघितलं. ते भिंतीकडे बघतच नव्हते. खाली वाकून गवत बाजूला करत होते, काहीतरी हरवल्यासारखे. मग दोन पावलं डावीकडे सरकले आणि भिंतीवर तळहात ठेवला.

"इथं मारा. इथनं पूर्वी पाटाचं पाणी जायचं. भिंत बांधताना एवढा तुकडा मोकळा ठेवला होता, मागनं नुसत्या विटा रचल्या. पाया न्हाई हितं."

जवानानं पहार उचलली. आप्पासोंनी ती त्याच्या हातातून घेतली.

"पहिला घाव मला घालू दे," ते म्हणाले. "बांधली बी मीच हाय."

चौथ्या-पाचव्या घावाला विटा आत गेल्या. मग जवानांनी घेतलं, आणि बघता बघता माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. त्यातून धुळीनं माखलेली एक आजी, कडेवर मूल घेतलेली बाई, शाळेच्या सुट्टीतली तीन पोरं, पायाला प्लास्टर घातलेला एक रंगारी. आप्पासो भगदाडाशी बसून प्रत्येकाला हाताला धरून बाहेर ओढत होते आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, "डोकं सांभाळ, वर वीट सुटलीय."

मी शेजारी उभी राहून यादी वाचत होते. बारीक आवाजात नव्हे.

"एकशे आठ, कोण होतं घरी?"

"आम्ही दोघी, बाई!"

"एकशे नऊ?"

"चार. सगळे आलो."

असं करत एकशे सतरापर्यंत आले. तिकडे जवानांनी भगदाडातून पाइप आत नेला होता, मागच्या बाजूनं पाणी सुरू झालं होतं.

"एकशे अठरा?"

कुणी बोलेना.

"एकशे अठरा, धनाजी लोखंडे! दोन माणसं!"

"कुलूप असेल, बाई," कुणी तरी म्हणालं. "त्यांच्या घरातून काही आवाज नव्हता."

मी वहीत बघितलं. माझ्याच अक्षरात: नवीन लग्न. नवरा एमआयडीसीत रात्रपाळी. त्या घरी मी गेले होते तेव्हा दार वाजवून वाजवून माझे हात दुखले होते, कारण आत कूलर लावलेला होता आणि तो कूलर पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा.

"कुलूप नाही!" मी होवाळेला म्हणाले. "झोपलेत ते. त्यांना काहीच ऐकू येणार नाही. भिंतीला लागून शेवटचं घर, निळं दार!"

दोन जवान आत गेले. दार फोडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मी यादीतल्या एकशे अठरावर बोट ठेवून उभी राहिले.

मग भगदाडातून धनाजी बाहेर आला, लुंगी आणि बनियनवर, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. मागून त्याची बायको पूनम. तिनं एका हातात लग्नाचा अल्बम धरला होता आणि दुसऱ्या हातात नवाकोरा प्रेशर कुकर. धनाजीनं बाग, बंब, तीस माणसं आणि आप्पासो असं सगळं पाहिलं आणि म्हणाला,

"काय झालं? लाइट गेली काय?"

आधी कुणी तरी फुसकन हसलं. मग ती प्लास्टरवाली स्वारी हसली, आजी हसली, आणि सगळी बाग हसायला लागली. रडणारीही हसायला लागली. होवाळे बंबाला टेकून पोट धरून हसत होता. एकटे आप्पासो हसले नाहीत. ते चिकूच्या झाडाखाली जाऊन बसले, पहार मांडीवर घेऊन.

तासाभरात आग विझली. नदाफांच्या खालच्या खोलीतलं काही उरलं नाही, समोरच्या दोन घरांचे पत्रे वाकले. माणूस मात्र एकही गेला नाही, कुणाला साधं भाजलंही नाही. आप्पासोंच्या सुनेनं कळशीभर सरबत केलं. मी पेला घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"घ्या, आप्पा."

त्यांनी पेला घेतला, पण प्याले नाहीत.

"बाई, मी मळा इकला तवा एकेक गुंठा टेपनं मोजून दिला. कुणाला इतभर कमी न्हाई, कुणाला इतभर जास्त न्हाई. लोक अजून नाव काढत्यात माझं, की आप्पासोंनी फसवलं न्हाई म्हनून." ते भगदाडाकडे बघत होते. "पर सगळी जमीन इकली आन् वाट कुनालाच दिली न्हाई. माज्या ध्यानातच आलं न्हाई. जी होती ती बी भिंत घालून बंद केली. ती पोरं पलीकडनं माझ्या भिंतीवर हात आपटत हुती, बाई. मी फाटकापाशी उभा राहून ऐकत हुतो."

मी खाली त्यांच्या शेजारी गवतावर बसले. म्हटलं, "चिकू गोड आहेत का तुमचे?"

"हां," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदा सरबताचा घोट घेतला. "जाताना पिशवीभर न्या."

दुसऱ्या दिवशी आमच्या चार्ज ऑफिसर साहेबांनी मला बोलावलं. जनगणनेची माहिती गुप्त असते, ती बाहेरच्यांना दाखवायची नसते, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं की नाही?

"सांगितलं होतं, सर."

"मग तुम्ही भर बागेत नावं वाचलीत म्हणे. मोठ्यानं."

"हो, सर. बारीक आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "त्या लोखंडे नवराबायकोचं काय झालं हो?" आणि मी ती कुकरची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला.

चार दिवसांनी मी उरलेल्या कामासाठी मळ्यात गेले, तर भिंतीपाशी गवंडी लागलेला. शेजारी विटा आणि वाळूचा ढीग. माझं मन खट्टू झालं. शमाबींचा कारखाना त्याच बागेतल्या आप्पासोंच्या शेडमध्ये तात्पुरता सुरू झाला होता. त्या कापूस पिंजत बसल्या होत्या. मी त्यांना डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

आप्पासो गवंड्याच्या डोक्यावर उभे होते आणि त्यांच्यासमोर खाकी पँटमधला होवाळे, सुट्टीच्या दिवशी आलेला.

"तुमची गाडी किती रुंद म्हनला?" आप्पासोंनी विचारलं.

"आठ फूट, आप्पा."

"मग?" त्यांनी गवंड्याकडे वळून बघितलं. "आठ म्हनजे बारा सोडायचं. दोन्ही बाजूला खांब घाल, कडा नीट बांधून दे. पोरं ये-जा करताना पडाय नकोत वर विटा." मग त्यांना मी दिसले. "बाई, आता काढा तुमच्या कागदावर रेघ. तुटक नको, चांगली अखंड काढा. आन् दोन काढा, रस्ता दिसू दे."

मी काढल्या. त्या दोन रेघा मी पट्टी लावून काढल्या, माझ्या साऱ्या नजरी नकाशात तेवढ्याच सरळ.

पुढच्या हिवाळ्यात सातव्या गल्लीतल्या एका लग्नाला मला आमंत्रण होतं. मी पोचले तर मांडवाचे कारागीर कपाळाला हात लावून उभे. गल्लीत जागा नाही म्हणून त्यांनी त्या बारा फुटांच्या वाटेवर मांडव घालायचं ठरवलं होतं. बांबू आणून टाकले होते. आणि वाटेच्या मधोमध, दोन खांबांच्या बरोबर मध्ये, आप्पासो इंगळे खुर्ची टाकून बसले होते. पांढरा फेटा, नवं धोतर, लग्नाच्याच कपड्यात.

"आप्पा, दोन तासांचा प्रश्न आहे," नवरीचा बाप हात जोडून म्हणत होता.

"आग काय सांगून येती व्हय?"

"अहो पण मांडव कुठं घालू मी?"

आप्पासोंनी मागे अंगठा केला. "बाग कशाला हाय? घाल की चिकूच्या खाली. पंगत बी तितंच बसव. वाटंत मात्र एक बांबू दिसला, तर नवरदेवाला बी आत सोडनार न्हाई."

त्या दिवशी आम्ही चिकूच्या झाडांखाली जेवलो. शमाबी माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि सारखी जिलेबी वाढायला लावत होत्या. वरात आली ती बारा फुटांच्या वाटेनं, ताशा वाजवत, आणि आप्पासोंनी उठून खुर्ची बाजूला केली तेवढ्यापुरतीच.